थकव्याला साक्षीदार



दरवर्षी या सदरात विज्ञानातला एखादा विषय घरातल्या भाषेत सांगायचा, असा आपला रिवाज आहे. या वर्षी सुरुवातीलाच तुमच्याकडून एक छोटा प्रयोग करून घेतो. अंधाऱ्या खोलीत जा, फोनचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटाचं टोक घट्ट दाबून धरा. बोट लालभडक दिसेल. टॉर्चचा प्रकाश तर पांढरा आहे, मग त्यातले निळे-हिरवे रंग गेले कुठे? ते बहुतेक तुमच्या रक्तानं शोषून घेतले. लाल तेवढा वाट काढत बाहेर आला. आता दुसरा प्रश्न. बोटात हाड आहे, मग त्याची सावली का दिसत नाही? कारण आत शिरलेला प्रकाश सरळ जात नाही. दुधाच्या पेल्यातून उजेड जावा तसा तो इकडेतिकडे आपटत, विखुरत जातो. नातवंडांना हे जरूर दाखवा. फराळाला जमलेली मुलं पाच मिनिटं तरी फोनचा चांगला उपयोग करतील.

या दोन साध्या गोष्टींवर एक अख्खं वैद्यकीय तंत्र उभं आहे. लाल रंगाच्या जरा पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शरीरात काही सेंटिमीटर फिरून परत बाहेर येतो, आणि येताना आतली बातमी घेऊन येतो. सुई नाही, कापाकापी नाही, क्ष-किरण नाहीत. आनुवंशिक स्नायुविकारांच्या अभ्यासात या प्रकाशाचा काय उपयोग झाला, आणि कुठे झाला नाही, हे आज सांगायचं आहे.

आधी विकारांबद्दल. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पन्नास मुलं धावत असतात. समजा, त्यातला एक थोडं धावून थांबतो. शाळेत पीईच्या तासालाही तो मागेच असतो. दिसायला धडधाकट. अशा मुलाच्या वाट्याला पहिलं निदान येतं ते डॉक्टरांकडून नव्हे, नातेवाइकांकडून: "आळशी आहे. लाडावलाय. दिवसभर स्क्रीनसमोर बसल्यावर दुसरं काय होणार?" बहुतेक वेळा यात काळजीचं काही नसतंही. पण क्वचित एखाद्या मुलाच्या स्नायूंत खरोखरच बिघाड असतो, आणि त्याचं "माझे पाय चालत नाहीत" हे वाक्य शब्दशः खरं असतं. ताप थर्मामीटरवर दिसतो, तुटलेलं हाड क्ष-किरणांत दिसतं. थकव्याच्या बाजूनं बोलायला मात्र कुणी साक्षीदार नसतो. मॅकार्डल नावाच्या विकाराचे कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं "आळशी" हा शिक्का घेऊन जगले आणि मोठेपणी केव्हातरी त्यांचं निदान झालं.

आता स्नायू काम कसा करतो ते पाहू. प्रत्येक स्नायुपेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांना आपण चुली म्हणू. चुलीला लाकूड लागतं आणि हवा लागते. लाकूड म्हणजे साखर आणि चरबी, हवा म्हणजे रक्तातून येणारा ऑक्सिजन. तुम्ही जिना चढायला लागलात की मांडीतल्या चुली भडकतात आणि ऑक्सिजन झपाट्यानं संपू लागतो. थांबलात की रक्त नवा ऑक्सिजन आणून भरपाई करतं. स्नायूतला ऑक्सिजन किती उतरला आणि किती वेगानं परत भरला, हे कळलं तर चुलींची तब्येत कळते.

कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला ऑक्सिमीटर लावले. पुण्याच्या भावाचा ९४, नाशिकच्या मावशीचा ९२, हे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर वाचत कितीतरी रात्री काढल्या. त्या यंत्राचं तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधलं. पण ते यंत्र धमन्यांतल्या रक्तात किती ऑक्सिजन आहे एवढंच सांगतं, म्हणजे दाराशी लाकूड-पाणी पोचलं का, इतकंच. घरात चूल पेटते की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणूनच स्नायुविकार असलेल्या मुलाच्या बोटावर ते खुशाल ९८ दाखवेल आणि मूल मात्र पायरीवर बसलेलं असेल.

चुलीपर्यंत पोचायची वाट १९७७ साली उघडली. ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं, की अवरक्त प्रकाश कवटीच्या हाडातूनही आरपार जातो आणि आतल्या ऑक्सिजनची बातमी देतो. या कल्पनेला घरच्या जेवणाच्या टेबलावरचं एक निमित्त होतं. मांसातलं खांद्याचं पातळ हाड उजेडासमोर धरल्यावर त्यातून लाल प्रकाश येताना दिसला होता. आपल्या घरी असतं तर "ताटातलं हाड खाली ठेव" म्हणून कुणीतरी दटावलं असतं. त्या घरात त्यातून एक शास्त्र निघालं.

यातली मेख अशी. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन देऊन बसलेलं हिमोग्लोबिन यांचे रंग वेगळे असतात. ७६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन जास्त प्रकाश शोषतं, ८५० च्या आसपास ऑक्सिजन असलेलं. त्वचेवर एक बारका दिवा लावायचा, तिथून तीन-चार सेंटिमीटरवर प्रकाश टिपणारा डोळा लावायचा. दोन्ही रंगांचा किती प्रकाश परत आला ते मोजलं, की आत कोणतं हिमोग्लोबिन वाढतंय आणि कोणतं घटतंय याचा हिशेब मांडता येतो. दिव्यापासून त्या डोळ्यापर्यंतची प्रकाशाची वाट केळ्यासारखी वाकडी असते, आणि दोघांमधल्या अंतराच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत ती जाते. म्हणजे तीन सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर दीड सेंटिमीटर खोलवरचा स्नायू "दिसतो".

हे तंत्र स्नायूंपर्यंत नेणाऱ्यांत अग्रभागी होते ब्रिटन चान्स. आपण फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या लोकांनी हे नाव ठाऊक करून घ्यायलाच हवं. जन्म १९१३, याच पेनसिल्व्हेनियातला. बहुतेक कारकीर्द पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात. आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक. २०१० साली वयाच्या ९७ व्या वर्षी ते गेले, तोवर काम चालूच होतं. निवृत्तीनंतर गुडघ्यांच्या तक्रारी सांगत बसणाऱ्या माझ्यासारख्यांनी त्यांचं चरित्र जपूनच वाचावं.

१९९४ साली विल्यम बँक आणि चान्स यांनी चयापचयाचे आनुवंशिक स्नायुविकार असलेल्या रुग्णांचा ऑक्सिजन व्यायाम करताना प्रकाशानं मोजला. निरोगी माणसानं जोरात व्यायाम केला की स्नायूतला ऑक्सिजन उतरतो, ते आपण पाहिलंच. या रुग्णांत उलटं घडलं. व्यायाम सुरू झाला, रक्ताचा ओघ वाढला, आणि स्नायूतला ऑक्सिजन उतरण्याऐवजी चढला. रक्त हवा आणून ओतत होतं आणि चूल ती घेतच नव्हती. हृदय ठीक, फुफ्फुसं ठीक, रक्त ठीक. अडचण थेट पेशीच्या आत. रुग्ण जन्मभर जे सांगत होता, ते आता आलेखाच्या रेघेवर उमटलं होतं.

चूल हवा का घेत नाही, याची कारणं निरनिराळी. काही जणांत मायटोकॉन्ड्रियातच दोष असतो, म्हणजे चूलच फुटकी. मॅकार्डलच्या विकारात चूल धड असते, पण लाकडाच्या कोठीला कुलूप असतं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ साली तीस वर्षांच्या एका रुग्णावरून हा विकार प्रथम वर्णिला. स्नायूत ग्लायकोजेनच्या रूपानं साखर साठलेली असते, पण ती फोडणारं विकर नसतं. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत स्नायू गोळा होऊन दुखतो. तेवढ्यात थोडं थांबलं, सावकाश चाललं, की रक्तातली साखर आणि चरबी मदतीला येते आणि तोच माणूस पुढे बरंच अंतर चालून जातो. बघणाऱ्यांना वाटतं, "आत्ता तर दुखतंय म्हणत होता, आता कसा चालतोय? सोंग नुसतं!" ते सोंग नव्हे. त्या विकाराची ओळखच ती आहे.

तिसरा विकार ड्यूशेन, आणि तो सगळ्यांत कठोर. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. पेशीच्या भिंतीला आधार देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन तयारच होत नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातो. डिस्ट्रोफिन नसलं की आणखी एक नुकसान होतं, आणि त्यासाठी मला पाटाच्या पाण्याचा दाखला द्यावा लागेल. गावाकडे पाणी कमी पडलं की पाटकरी दारं बंद करत जातो. पण ज्या शेताला पाण्याची खरी निकड आहे, त्याचं दार किलकिलं ठेवतो. शरीरही प्रसंगी रक्तवाहिन्या आवळण्याचा हुकूम सोडतं. पण काम करणारा स्नायू नायट्रिक ऑक्साइडच्या मदतीनं तो हुकूम आपल्यापुरता शिथिल करून घेतो. ड्यूशेनमध्ये हे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर आपल्या जागेवर नसतं. मग निकडीच्या शेताचंही दार बंद होतं.

हे आधी उंदरांत दिसलं होतं. मुलांत ते कसं पाहणार? आधीच झिजणाऱ्या स्नायूचे तुकडे कोण काढू देईल? २००० साली संशोधकांनी ते प्रकाशानं पाहिलं. मुलाला निजवून कमरेखालचा भाग एका बंद पेटीत ठेवायचा आणि पेटीतली हवा थोडी खेचायची. रक्त पायांकडे जातं आणि शरीर रक्तवाहिन्या आवळू लागतं. त्याच वेळी मुलानं हाताची मूठ दाबत राहायची. दंडाच्या खाली, कोपर ते मनगट या भागावर प्रकाशाचा दिवा. निरोगी मुलांच्या राबणाऱ्या स्नायूत ऑक्सिजनला फारसा धक्का बसला नाही. ड्यूशेनच्या मुलांत तो उतरला. एका थेंब रक्ताशिवाय हे कळलं.

पुढची गोष्ट मन लावून वाचा. रक्तवाहिन्या सैल करणारं टॅडालाफिल नावाचं जुनं औषध बाजारात होतंच. ते दिलं, पुन्हा प्रकाशानं मोजलं, आणि रक्तपुरवठा सुधारला. २०१२ साली बेकर या सौम्य भावंड-विकारात आणि २०१४ साली ड्यूशेनमध्ये तसे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घराघरांतून केवढी आशा निर्माण झाली असेल! मग मोठी चाचणी झाली: सात ते चौदा वर्षांची ३३१ मुलं, ४८ आठवडे, आणि मुख्य निकष, सहा मिनिटांत मूल किती चालतं. २०१७ साली निकाल प्रसिद्ध झाला. औषधानं चालण्यातली घसरण थांबली नाही.

प्रकाश खोटं बोलला का? नाही. त्याला जेवढं विचारलं, तेवढं त्यानं खरं सांगितलं. रक्त सुधारलं होतंच. पण रक्तपुरवठा हा त्या आजाराचा एक धागा होता, सगळा आजार नव्हे. मोजता येणारी गोष्ट आणि मुलाला हवी असलेली गोष्ट या एक असतीलच असं नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना मोजायला शिकवलं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. "अमुक आकडा सुधारतो" अशी जाहिरात कुठल्याही औषधाची वा चूर्णाची आली, की पुढचा प्रश्न विचारा: आकडा सुधारल्यावर माणूस काय करू शकला?

प्रकाशाचं काम तिथे संपलं नाही. १८८० साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या लक्षात आलं होतं, की तुटक तुटक प्रकाश पदार्थावर पडला की त्यातून आवाज निघतो. प्रकाश शोषला की पदार्थ किंचित तापतो, फुगतो आणि स्पंदन उमटतं. आज लेसरचे अतिसूक्ष्म झोत त्वचेवर सोडतात आणि आतून आलेला प्रतिसाद सोनोग्राफीसारख्या यंत्रानं ऐकतात. जर्मनीतल्या एर्लांगन इथल्या डॉक्टरांनी २०१९ साली या पद्धतीनं ड्यूशेनच्या मुलांच्या स्नायूंतलं कॉलाजेन मोजलं. झिजलेल्या स्नायूची जागा जे तंतू घेतात, त्यांतलं हे प्रथिन. म्हणजे आजार किती पुढे सरकला आहे, हे न कापता पुन्हा पुन्हा पाहायची सोय. नव्या जनुकीय उपचारांच्या दिवसांत ती मोलाची आहे, कारण दर काही महिन्यांनी मुलाच्या मांडीचा तुकडा काढणं कुठल्याच आईबापांना मान्य होणार नाही.

आता या साक्षीदाराच्या मर्यादा. पहिली, चरबी. त्वचेखाली चरबीचा थर जाड असला, तर प्रकाश स्नायूपर्यंत धड पोचतच नाही. दुसरी, स्नायूतलं मायोग्लोबिन आणि रक्तातलं हिमोग्लोबिन यांची बातमी त्याला वेगवेगळी सांगता येत नाही. तिसरी, चूल फुटकी की कोठीला कुलूप, हे तो एकटा ठरवू शकत नाही. बराच काळ अंथरुणावर असलेल्या माणसाच्या चुलीही मंदावलेल्या असतात. म्हणून अंतिम निदान आज जनुकीय तपासणीनं होतं. व्यायामपटू मांडीला बांधतात ती असली यंत्रं दुकानात मिळतात, पण त्यांवरून घरी निदान करायला जाऊ नका.

चौथी मर्यादा आपल्या रंगाची. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. २०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की बोटावरच्या ऑक्सिमीटरनं ऑक्सिजन ठीक दाखवला असताना तो प्रत्यक्षात धोकादायक उतरलेला असणं, हे कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या सुमारे तिप्पट वेळा घडत होतं. आपल्या घरांत गव्हाळ, सावळा, काळा असे सगळे वर्ण नांदतात. एखाद्या संशोधनात मुलाला सहभागी करायचं असेल, तर "हे यंत्र आमच्यासारख्या त्वचेवर तपासलं आहे का?" हे नि:संकोच विचारा. चांगल्या संशोधकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

शेवटी घरातलं बोलू. आनुवंशिक म्हटलं की आपल्याकडे पहिली नजर सुनेकडे जाते. "आमच्याकडे कुणाला नव्हतं." ड्यूशेनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे ते आईकडून येऊ शकतं, हे खरं. पण साधारण एक तृतीयांश मुलांत तो बदल नव्यानंच घडलेला असतो, आईत नसतोच. आणि असला तरी जनुक कुणी निवडून देत नाही. मॅकार्डलचा विकार व्हायला सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न करायची आपल्याकडे काही समाजांत जुनी रीत आहे. तशा घरांत असं जनुक दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता वाढते. ते लपवायचं कारण नाही, डॉक्टरांना सांगायचं कारण आहे.

आणि एवढं लक्षात ठेवा. तीन-चार वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत "चढत" उठत असेल, पोटऱ्या वयाच्या मानानं जाड दिसत असतील, जिना चढताना सारखा मागे पडत असेल, तर "बाळसेदार आहे" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना रक्तातलं सीके तपासायला सांगा. साधी तपासणी आहे. यकृताच्या तपासणीतले एएलटी, एएसटी वाढलेले दिसले आणि यकृतात काही सापडलं नाही, तरीही सीके विचारा, कारण ती दोन्ही विकरं स्नायूंतूनही येतात.

अशी यंत्रं अजून मोजक्याच संशोधन केंद्रांत आहेत. ती सगळीकडे पोचेपर्यंत मुलाच्या शब्दाला साक्षीदार आपणच. ते दमलो म्हणालं, तर आधी त्याच्याजवळ बसा आणि विचारा: कधीपासून, किती पायऱ्यांनंतर, थांबल्यावर बरं वाटतं का? उत्तरं कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुम्हा सर्वांना, विशेषतः ज्यांच्या घरी कुणी चाकांच्या खुर्चीतून रांगोळी पाहणार आहे त्यांना, दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. पुढच्या अंकासाठी विषय सुचवायचे असतील, तर संपादकांकडे जरूर कळवा.